कोपराखाली एक मूठ

"भिंतीतून नको येऊ गं! दारातून ये!"

केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटीच्या कानात तो आवाज अजून तसाच आहे. चिमुरडा, चिडका, आणि त्या चिडीच्या आत मायेनं ओथंबलेला. घरामागच्या फरशीच्या अंगणात थोरली बहीण गुडघ्यांवर बसून कोळशानं रेघा ओढायची. ही बसायची खोली, ही निजायची, हे स्वयंपाकघर. रेघेला रेघ भिडायची, आणि एका जागी मुद्दाम मोकळं सोडलेलं असायचं, ते दार. थोरलीनं घर बांधायचं आणि धाकटीनं त्यात राहायचं, एवढाच खेळ. धाकटीला राहायला फार आवडायचं, पण दाराचं भान कुठलं? फुलपाखरू दिसलं की ती सरळ भिंतीतून बाहेर. मग तो आवाज.

एकदा आई धुण्याची बादली घेऊन आली. वाळत घालायच्या दोरीपर्यंत जायचं तर हे घर वाटेत आडवं. हातात ओलं ओझं, पाण्यानं सुरकुतलेली बोटं. दुसरं कुणीही रेघा तुडवत गेलं असतं. आई थांबली. वळसा घालून कोळशाच्या दाराशी आली, बादली खाली ठेवली, हवेतच टकटक केली आणि म्हणाली, "आहे का कुणी घरात?"

"या, या, बसा," धाकटी म्हणाली.

"बसायला वेळ नाही बाई. धुणं वाळत घालायचंय. मागचं दार कुठाय?"

थोरलीनं सगळ्या रेघांवरून नजर फिरवली. मागचं दार तिनं काढलंच नव्हतं.

"म्हणजे मी आले तशीच परत जाऊ? ओली बादली पाहुण्यांच्या मधून नेऊ?"

थोरलीनं झटकन बादलीत बोट बुडवलं आणि समोरची रेघ हातभर पुसून टाकली. आई त्या पुसलेल्या जागेतून बाहेर पडली, आणि कपडे झटकता झटकता स्वतःशीच जुळवत गुणगुणली:

थोरली माझी लेक, रेघ ओढी गं अंगणी,
धाकली माझी लेक, हिरा रेघेच्या कोंदणी.

ताईनं पुढं घरं बांधली, गल्ल्या आखल्या, वसाहती उभ्या केल्या. पण मागचं दार नाही असं एकही घर तिनं बांधलं नाही.

ताई बाबांवर गेली होती. सरळसोट, उंच, दिव्याच्या खांबासारखी. धाकटी गेली आईवर. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की लोकांना हसू यायचं. ताईनं तिचं नावच ठेवलं होतं ठेंगू. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर धाकटीनं त्याचं डोकं फोडलं असतं. ताईच्या तोंडी ते नाव खाऊसारखं लागायचं.

वास्तुकलेच्या कॉलेजात ताई एकटीच मुलगी. नगररचनेच्या कचेरीत गेली तर तिथंही एकटीच बाई. कचेरीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मोठ्या साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय काढून दाखवता?" तेव्हा ताईनं तेच काढून दाखवलं: दार, खिडकी, नळ, आरसा, सगळ्याच्या मापांसह. साहेब म्हणाले, "बाई, इथं शहराचे नकाशे काढतात. हे काय भरतकाम आहे?"

"भरतकामात टाका चुकला तर उसवता येतो साहेब," ताई म्हणाली. "भिंत चुकली तर काय करता तुम्ही?"

साहेबांनी कागदावर सही केली. ताईचं ते पहिलं बांधकाम महिनाभरात उभं राहिलं. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा धाकटी इतकी हसली की तिला उचकी लागली.

पण घर बांधायला बाईला कोण देणार? "नकाशा बघायला छान आहे हो," लोक म्हणायचे, आणि काम दुसऱ्याला द्यायचे. मग धाकटीचं लग्न झालं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बारीक कामाचा, बारीक चणीचा, खट्याळ माणूस. सगळा बाजार त्याला घड्याळजी म्हणे, म्हणून बायकोही तेच म्हणे. त्यांनी कालव्याशेजारी एक तुकडा जमीन घेतली होती. घड्याळजी मेहुणीला म्हणाले, "ताई, घर तुम्हीच बांधा. पडलं तर बाहेरच्यांकडं भांडायला जायला नको, घरातल्या घरात भांडू."

ताईनं कागद हातात घेण्याआधी चुन्याची फक्की घेतली. जमिनीवरच घर आखलं, खऱ्या मापाचं, पांढऱ्या रेघांचं. "दोन दिवस यात वावर," ती धाकटीला म्हणाली. "कुठं अडखळतेस ते मला बघायचंय." धाकटी रिकाम्या जमिनीवर उभी राहून नसलेल्या शेगडीवर नसलेलं दूध उतू जाऊ नये म्हणून धावली. शेजारीपाजारी कुंपणाशी गोळा झाले. मुकादम कपाळाला हात लावून बसला.

मग आला मापाचा दिवस. मुकादम म्हणाला, "बाईसाहेब, ओट्याचं माप ठरलेलंच असतं. सगळीकडं एकच."

"आणि बाया? त्याही सगळीकडं एकच?" ताई म्हणाली. "आमच्या आईचे खांदे त्या ठरलेल्या मापानं मोडले. जन्मभर उंच ओट्यावर हात उचलून. ओटा उभ्या राहणारीच्या कोपराखाली एक मूठ हवा. ना वर, ना खाली. ठेंगू, ये इकडं."

ठेंगू म्हटल्यावर कुंपणाशी खसखस पिकली. टेप धरायला कचेरीतले दोघे आले होते. त्यातला एक दुसऱ्याच्या कानाशी लागला, पण ऐकू जाईल एवढ्यानंच: "ओटा बांधायचा की पायरी?"

धाकटी पुढं आली. अंगात पायघोळ झगा, काठ जमिनीला लागलेला. ताई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, कपाळावर फक्की. आणि धाकटीनं काय केलं, तर झग्याच्या आत हळूच टाचा उचलल्या. चवड्यांवर उभी राहिली. ताईनं तिच्या कोपराखाली आपली मूठ धरली, मुठीखाली काठीवर खूण केली, खूण मुकादमाला दाखवली. तोवर धाकटीच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या.

"झालं," ताई म्हणाली. धाकटीनं टाचा टेकवल्या.

लोक हसले म्हणून उचलल्या, असं तिनं त्या रात्री घड्याळजींना सांगितलं. खरंच होतं ते. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि उरलेलं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

घर उभं राहिलं. उजेडाचं, वाऱ्याचं, मागच्या दाराचं. पहिल्या दिवशी शेजारीपाजारी बघायला आले, मुकादमही आला. माणसं घर बघायला येतात तशी ती आली नव्हती, खोट काढायला आली होती. "मग? ओटा कसा काय?" मुकादमानं विचारलं. धाकटी ओट्यापाशी उभी होती. ओट्याची कड तिच्या कोपराला टेकत होती. मुठीचा पत्ता नव्हता. दाराशी ताई उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत परीक्षेच्या निकालाचा दिवस होता.

"अगदी माझ्या मापाचा!" धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कणीक मळताना तिचे खांदे भरून आले. घड्याळजींनी न बोलता एक जाड फळी आणली, रंधा मारला, कडा गोल केल्या आणि ओट्यासमोर ठेवली. धाकटी तिच्यावर चढली. कोपराखाली एक मूठ, बरोब्बर.

"झालं," घड्याळजी म्हणाले, "ओटा खाली येत नसेल तर बायको वर जाऊ दे."

"ताईला कळता कामा नये."

"मी घड्याळं दुरुस्त करतो. आतलं बाहेर दिसू न देणं हाच माझा धंदा."

ताई यायची असली की घड्याळजी घराला लागूनच्या दुकानाच्या पायरीवरून शीळ घालायचे. शीळ आली की फळी खुंटीवर, कोठीच्या दारामागं, वर एक जुना एप्रन. मुलं लहान होती तेव्हा त्यांनाही हे पाठ झालं होतं. "मावशी आली, फळी पळाली!" म्हणत ती घरभर नाचायची, आणि मावशी विचारायची, "कसलं गाणं रे हे?"

एकदा मात्र ताई मागच्या दारानं आली. दार तिनंच ठेवलेलं, तिला कोण अडवणार? शीळ नाही, काही नाही. धाकटीला खाली उतरून फळी उचलायला वेळच मिळाला नाही. ती होती तिथंच खाली बसली, फळीवर, झगा चहूबाजूंनी पसरून, आणि मटाराची टोपली पुढ्यात ओढली.

"आज खाली बसून सोलतेस?"

"पाय दुखतायत गं."

ताई बराच वेळ तिच्या पायांकडं बघत राहिली. धाकटी भराभर मटार सोलत राहिली. मग ताई म्हणाली, "बरोबर आहे. बाई काय दिवसभर उभीच राहणार? मला सुचायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी सुतार हजर. ओट्याच्या बाजूला भिंतीत घडीचं आसन बसवून गेला. ओढलं की बसायला, ढकललं की भिंतीत. पुढं ताईच्या प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक स्वयंपाकघरात ते आसन आलं. बायका त्यावर बसून भाज्या निवडतात, पोरांचे अभ्यास घेतात, फोनवर बोलतात. धाकटी कुणाच्याही घरी गेली आणि तिला ते आसन दिसलं की मनात म्हणायची, घ्या, माझ्या थापेवर बसलाय तुम्ही.

त्या घरानं ताईचे दिवस पालटले. घर बघून एकानं काम दिलं, त्याचं बघून दुसऱ्यानं. मग कचेरीनंही टेकडीवरची कामगार वसाहत तिच्या हाती दिली. साहेब म्हणाले, ठरावीक अंतरावर बाक टाका. ताईनं आत्याला बोलावलं. आत्याचे गुडघे गेलेले, श्वास लागणारा. तिच्या हाताला धरून ताई टेकडी चढली. आत्या थांबली की ताई तिथं चुन्याचा ठिपका टाकायची. "अगं, मला पाणी पाज, ठिपके काय टाकतेस!" आत्या करवादली. आज तिथं बाक आहेत. कुठं जवळजवळ, कुठं लांब. खालच्या सोप्या रस्त्यावर विरळ, वरच्या चढावर एकाला लागून एक. बाहेरची माणसं म्हणतात, आखणी चुकलेली दिसते. तिथली माणसं म्हणतात, हे आत्याचे बाक आहेत. आत्या गेली त्यालाही आता खूप वर्षं झाली, पण तिचा दम अजून टेकडीवर बसायला जागा देतो.

प्रत्येक घराला ताई तीच मूठ लावायची. राहायला येणाऱ्या बायकांना बोलावून कोपरं मोजायची. कुणी विचारलं, हे कुठं शिकलात, तर सांगायची, "माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. पहिला ओटा तिचा. तक्रारीचा शब्द नाही इतक्या वर्षांत." हे ऐकलं की धाकटी विषय बदलायची. सांगायचं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता तर त्या खोट्याला नातवंडं झाली होती.

ताई निवृत्त झाली, काठी आली, चष्म्याची काच जाड झाली. आणि मग नदीकाठच्या पुरात सापडणाऱ्या कुटुंबांना वरच्या माळावर नवी वस्ती करून द्यायचं ठरलं, तेव्हा कचेरीनं पुन्हा तिलाच बोलावलं. सोबतीला एक तरुण अधिकारी दिली. तिच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून ताईनं तिचं नाव पेन्सिल ठेवलं. कचेरीतले इंजिनिअर म्हणत होते, एवढी कोपरं मोजत बसायला वेळ कुणाला आहे? एकच माप धरा आणि मोकळे व्हा. पेन्सिल त्यांच्याशी भांडून आली होती. त्यांना दाखवायला तिला एक जुना ओटा हवा होता, वर्षानुवर्षं वापरलेला, मुठीच्या मापाचा.

"चल," ताई म्हणाली. "माझ्या बहिणीकडं."

दोघी आल्या. घड्याळजींची शीळ वेळेवर आली, फळी वेळेवर खुंटीवर गेली. चहा ठेवला. पेन्सिलनं टेप काढली.

"मावशी, जरा ओट्यापाशी उभ्या राहता?"

धाकटी उभी राहिली. टाचा उचलाव्यात असं क्षणभर तिच्या मनात आलंही. पण आता पोटऱ्या कुठल्या साथ देणार? पेन्सिलनं कोपर मोजलं. ओटा मोजला. कपाळाला आठी घातली. पुन्हा मोजला.

"ताई, मूठ कुठाय?"

"नीट धर टेप."

"नीटच धरलीय. ओटा कोपराच्या सरळ रेषेत येतोय."

"वयानं माणूस खचतं हो," घड्याळजी घाईघाईनं म्हणाले. "आमची ही तर आधीच तळाला लागलेली, आणखी खचली."

ताईनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं टेप स्वतःच्या हातात घेतली, वाकून जमिनीला लावली, आणि वाकल्यावर तिला ओट्यासमोरची फरशी दिसली. सगळीकडची फरशी पायांनी गुळगुळीत झालेली. फक्त ओट्यासमोर फळीच्या आकाराचा एक चौकोन नव्यासारखा. त्या चौकोनाला पाय लागलेच नव्हते.

ताई सरळ झाली. पळणाऱ्या फळीचं पोरांचं गाणं तिला आठवलं, आणि धाकटीची नजर कोठीच्या दाराकडं गेलेली तिला दिसली. काठी टेकत कोठीपाशी गेली, दार ओढलं, एप्रन बाजूला केला.

फळीवर दोन खळगे पडले होते. दोन लहान पावलांचे, शेजारी शेजारी, टाचेपाशी जरा खोल. इतकी वर्षं त्या पावलांनी तिथं उभं राहून भात शिजवला होता, मुलांचे डबे भरले होते, रडू आलं तर रडूनही घेतलं होतं. ताईनं एका खळग्यात आपली मूठ ठेवून बघितली. मग फळी होती तशी टांगली आणि वर एप्रन नीट केला.

"ताई, अगं..."

"चहा राहू दे," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पेन्सिल, चल."

चार दिवस ताईचा फोन नाही. धाकटीनं केला तर उचलला नाही. पाचव्या दिवशी पेन्सिल आली. अंबाड्यात पेन्सिल नव्हती.

"मावशी, ताई काम सोडतायत. मला म्हणाल्या, जिला सख्ख्या बहिणीचं कोपर मोजता आलं नाही, तिनं दुसऱ्यांची कशाला मोजावीत? तो माझा पहिला ओटा, त्याच्यावर सगळं उभं केलं. म्हणे, पायाच चुकला. आज माळावर सगळं इंजिनिअरांच्या हवाली करणार आहेत. मग झालंच! एकच माप, एकच रस्ता सरळ रेषेत, आणि बाक मोजणीची साखळी धरून सारख्या अंतरावर टाकलेले. तुम्ही काहीतरी बोला ना त्यांच्याशी. माझं ऐकत नाहीत."

पेन्सिल गेली. धाकटी फळीवर उभी राहून किती वेळ नुसतीच ओटा पुसत राहिली. पुसलेलाच पुसत राहिली.

"ओट्याला भोक पडेल," घड्याळजी म्हणाले.

"तिला वाटतंय तिचं माप चुकलं."

"मग सांग की चुकलं नाही म्हणून."

"काय सांगू? ताई, एवढी वर्षं तुला फसवलं म्हणून?"

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढून खिशात ठेवलं. "बंद पडलेलं घड्याळ लोक माझ्याकडं आणतात तेव्हा काय म्हणतात माहीत आहे? हे खराब झालं. उघडून बघावं तर नुसतं केसाएवढं काहीतरी अडकलेलं असतं. आता तिकडं तुझी बहीण स्वतःला खराब समजून बसलीय. अडकलेलं काय आहे ते फक्त तुला माहीत आहे. चप्पल घाल."

माळावर वारा सुटला होता. ताईच्या पद्धतीनं तिथं एक अख्खं घर चुन्यानं आखलेलं होतं, आणि त्याच्या पलीकडं दुसरं, तिसरं, वळणावळणाच्या गल्लीनं जोडलेलं. मधल्या घराच्या स्वयंपाकघरात विटांच्या चळतीवर ताई बसली होती, काठी मांडीवर आडवी. इंजिनिअर यायचे होते. घड्याळजी रस्त्यातच थांबले, म्हणाले, "मी इथं वारा खातो."

धाकटी घाईघाईनं निघाली. नजर ताईवर, पायाखाली काय आहे याची शुद्ध नाही. ती सरळ पांढऱ्या रेघेवरून आत शिरणार, तोच...

"भिंतीतून नको येऊ!" ताई ओरडली. "दारातून ये!"

दोघीही थबकल्या. आवाज म्हातारा झाला होता, जाडाभरडा झाला होता, पण आत तेच होतं. धाकटीनं पाय मागं घेतला, वळसा घातला, दाराच्या मोकळ्या जागेपाशी आली आणि हवेत टकटक केली.

"आहे का कुणी घरात?"

"नाही," ताई म्हणाली. "राजीनामा देऊन गेली ती."

"मग मागचं दार कुठाय? मी तिकडून येते."

ताईच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. धाकटी आत गेली. बसायला जागा नव्हती म्हणून एक घमेलं पालथं घालून त्यावर बसली. बसल्यावर आणखीच लहान झाली.

"एवढी वर्षं त्या फळीवर उभी राहिलीस," ताई म्हणाली. "पहिल्याच दिवशी म्हणाली असतीस, ताई, चुकलं, तर मी ओटा फोडून पुन्हा बांधला असता. माझ्या हातानं."

"म्हणूनच नाही बोलले. तो मुकादम तोंडाकडं बघत होता. ती सगळी माणसं वाट बघत होती, बाईनं बांधलेलं घर कुठं फसतंय याची. मी त्यांच्या हातात ओटा देऊ?"

"ते झालं त्या दिवशीचं. नंतर?"

"नंतर उशीर झाला. रोज थोडा थोडा होत गेला."

"आणि मी बढाया मारत हिंडले. माझ्या बहिणीचा ओटा, माझ्या बहिणीचा ओटा. चुकीच्या मापाचा."

"माप चुकलं नव्हतं ताई."

"मी बघितली ती फळी, ठेंगू. माझी समजूत घालू नकोस."

"माप चुकलं नव्हतं. मूठ बरोबर होती, काठी बरोबर होती, खूण बरोबर होती. उभी राहिलेली बाई खोटी होती." धाकटीनं चप्पल काढली. त्या चुन्याच्या स्वयंपाकघरात, वाऱ्यात, ती उठून उभी राहिली आणि ताईच्या खांद्याला धरून, दातओठ खाऊन, म्हाताऱ्या पायांच्या टाचा जेमतेम बोटभर उचलल्या. "अशी. झग्याच्या आत. तुझी खूण करून होईपर्यंत."

ताई त्या टाचांकडं बघत राहिली. टाचा थरथरत होत्या. तिनं हात पुढं केला आणि सवयीनं, अगदी न ठरवता, बहिणीच्या कोपराखाली मूठ धरली. ओठ हलले, काहीतरी हिशेब करत होती. फळीची जाडी, ओट्याची उंची, ती जुनी काठी. हिशेब जुळला तसा तिचा चेहरा आधी मोकळा झाला, मग लाल, मग तिला जे हसू फुटलं त्यानं विटांची चळतच डगमगली.

"अगं गधडे!" ती डोळे पुसत म्हणाली. "चवड्यांवर? मी मेली गावभर सांगत फिरले, ठेंगूचं कोपर आहे त्या मानानं वर, अंगकाठी बघून फसू नका! कॉलेजात शिकवलं मी ते पोरांना!"

"माहीत आहे. तुझ्या भाषणाला बसले होते मी. पहिल्या रांगेत."

"आणि काय केलंस?"

"टाळ्या वाजवल्या."

दोघी पुन्हा हसल्या, एकमेकींना धरून, धाप लागेपर्यंत. दूर रस्त्यावर घड्याळजींनी शीळ घातली. इंजिनिअरांची गाडी येताना दिसत होती. ताईनं मांडीवरची काठी उचलली, टेकली आणि उभी राहिली. ताठ, पूर्वीसारखी, दिव्याच्या खांबासारखी. जाडा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग गाडीकडं पाठ करून पुन्हा बहिणीकडं वळली.

"उद्या तुझा ओटा फोडणार मी. सांगून ठेवते."

"फोड. फळी मात्र मी देणार नाही."

"ठेव जपून. पण एक सांग. टाचा का उचलल्यास? ते टेपवाले हसले म्हणून?"

"हो." धाकटी खाली वाकून चप्पल शोधायला लागली. चप्पल समोरच होती. मग तिनं शोधणं सोडून दिलं आणि मान वर करून, लहानपणी बघायची तशी, उंच ताईकडं बघितलं.

"नाही गं. तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस ना, कपाळाला फक्की लागलेली, सगळ्या गावासमोर एकटी... मला वाटलं, तुझ्या पहिल्या घरात एकदा तरी तुझ्याएवढं होऊन उभं राहावं."